गोळीचा हिशोब

मागच्या रविवारी सकाळी कोल्हापूरहून मामांचा फोन आला. मी अर्धवट झोपेत. "झोपलायस का अजून? ऊठ की. तू कम्प्युटरवाला हायस न्हवं, मग मला एक हिशोब काढून दे." मला वाटलं परत इन्कम टॅक्स. पण विषय वेगळाच निघाला.

माझी मामेबहीण अकरावीत आहे. गेली तीन वर्षं ती दहा मीटर एअर रायफल मारते आणि बरी मारते. आता तिचे सर म्हणतात की तिनं पन्नास मीटरला यावं, म्हणजे पॉइंट टू-टू रायफलवर. रायफल सुरुवातीला क्लबची वापरता येईल. मामांचा प्रश्न एवढाच: "बंदुकीचं बघू रे नंतर. गोळ्या किती लागत्यात आणि त्यांना पैसे किती, ते सांग."

मी नेहमीप्रमाणे एक्सेल उघडलं (आमच्या जमातीला दुसरं येतं काय?), दोन कॉलम केले आणि मग भलतीकडेच वाहवत गेलो. कारण लक्षात आलं की मामांचा प्रश्न पावणेदोनशे वर्षं जुना आहे. सरावाची गोळी स्वस्त कशी करायची, या एका प्रश्नातूनच ही पॉइंट टू-टू जन्माला आली, आणि आपल्याकडे कोण नेमबाज होणार हेही बऱ्याच अंशी त्याच प्रश्नानं ठरवलं. निदान माझं तरी तसं मत झालंय. पटतंय का बघा.

आधी माझी लायकी सांगून टाकतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या दोन वर्षांत मी एनसीसीत होतो. वर्षाकाठी फायरिंगचा एक दिवस. माणशी पाच राउंड. रांगेत तीन तास उभं राहायचं, पालथं पडायचं, पाच वेळा ठो करायचं आणि उठायचं. त्यानंतरचा कार्यक्रम मला जास्त आठवतो. हवालदारसाहेब रिकाम्या पुंगळ्या मोजायचे. एक कमी भरली की सगळी प्लाटून गवतात गुडघ्यांवर. तेव्हा आम्ही वैतागायचो. पितळेच्या त्या चिमुकल्या नळीमागे केवढा कारभार आहे हे आता कुठे कळतंय.

थोडी शब्दांची साफसफाई. आपण ज्याला सरसकट गोळी म्हणतो ते खरं तर काडतूस. त्यात चार गोष्टी: पुढे शिशाची गोळी, मागे पितळेची पुंगळी, पुंगळीत दारू आणि ती पेटवणारा प्रायमर. मोठ्या काडतुसात प्रायमर बुडाच्या मधोमध वेगळी टोपी म्हणून बसवलेला असतो. मारून झाल्यावर ती टोपी काढून नवी बसवता येते, दारू भरून पुंगळी पुन्हा वापरता येते. अमेरिकेत हौशी लोक घरच्या घरी हा उद्योग करून पैसे वाचवतात. पॉइंट टू-टूमध्ये हे जमत नाही. तिचा प्रायमर पुंगळीच्या बुडाला जी बारीक दुमड असते, त्या दुमडीत पसरलेला असतो. त्यालाच रिमफायर म्हणतात. ती दुमड एकदा ठेचली गेली की पुंगळी बाद. वापरा आणि फेका. गंमत म्हणजे हीच बांधणी सगळ्यात स्वस्त पडते, कारण वेगळी टोपी नाही, तिची बैठक नाही, भाग कमी.

ही कल्पना पॅरिसच्या लुई-निकोला फ्लोबेर नावाच्या बंदूककाराची, १८४५ सालची. त्या काळी बंदूक पेटवायला तांब्याच्या छोट्या टोप्या वापरत. यानं त्या टोपीच्याच तोंडात एक छर्रा बसवला. दारू नाहीच, टोपीचा स्फोट तेवढा पुरे. हेतू काय? तर श्रीमंतांच्या दिवाणखान्यात बसून नेम धरायचा खेळ खेळता यावा. म्हणजे आज जिला आपण सरावाची गोळी म्हणतो ती मुळात पार्टीतली करमणूक होती! पुढे १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्वरसाठी त्यात दारू आली. १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीनं जरा लांब पुंगळी आणि ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची गोळी एकत्र केली आणि पॉइंट टू-टू लाँग रायफल तयार झाली. मामेबहीण मारणार ती हीच. आमच्या क्षेत्रात तीन वर्षं जुनं सॉफ्टवेअर म्हणजे पुराणवस्तू, आणि हिचं डिझाइन सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जवळपास आहे तसं चाललंय.

पण करमणुकीची वस्तू सरावाची कशी झाली? त्याला कारण बोअर युद्ध. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत शेतकरी बोअरांनी ब्रिटिश सैन्याला नेमबाजीत जे पाणी पाजलं, त्यानं इंग्लंडात खळबळ उडाली. आमच्या सामान्य माणसाला नेम का धरता येत नाही? उत्तर सरळ होतं. लष्करी रायफलला शेकडो यार्डांचं मैदान हवं आणि तिची काडतुसं महाग. गिरणीत किंवा खाणीत काम करणारा माणूस शनिवारी दुपारी सुटी झाल्यावर कुठे जाणार आणि पैसे कुठून आणणार? त्याआधी लष्करानं मॉरिस ट्यूब वापरून पाहिली होती. मोठ्या नळीत एक बारीक नळी घालायची आणि तिच्यातून छोटं काडतूस मारायचं. आपण जुन्या मोठ्या सिमच्या खोबणीत अॅडॅप्टर लावून नॅनो सिम घालायचो ना, तसला प्रकार. १९०१ साली कामगारांच्या रायफल क्लबांसाठी संस्था निघाली आणि काही वर्षांतच स्वस्त पॉइंट टू-टूनं मैदान मारलं. निवृत्त फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स या चळवळीचे मोठे पुरस्कर्ते. पंचवीस यार्डांत भागतं म्हटल्यावर गावातले हॉल आणि कारखान्यांची आवारं, सगळीकडे क्लब उभे राहिले. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये या छोट्या रायफलच्या स्वतंत्र स्पर्धाही झाल्या.

तरी स्वस्त गोळीत एक छुपा खर्च होताच. जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की नळीत एक क्षार उरतो, आपल्या मिठाचाच चुलतभाऊ. तो हवेतलं पाणी ओढतो आणि नळी गंजते. म्हणजे गोळी स्वस्त, पण संध्याकाळी आळस करून नळी साफ केली नाहीत तर रायफल गेली. (कोकणातल्या जुलैत काय झालं असतं याची कल्पना करा.) १९२०च्या दशकात जर्मन आणि अमेरिकन कंपन्यांनी न गंजवणारे प्रायमर आणले आणि हा त्रास संपला. माझ्या मते या गोळीच्या इतिहासातली हीच खरी क्रांती, पण हिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मेंटेनन्सला ग्लॅमर नसतं हे आम्हाला प्रॉडक्शन सपोर्टवाल्यांना कुणी सांगायला नको.

आता आपल्याकडे या. इंग्लंडातला कामगार शनिवारी गोळ्या झाडत होता तेव्हा इथे काय चाललं होतं? इथे १८७८चा शस्त्र कायदा होता. व्हाइसरॉय लिटनच्या काळात आलेला. हिंदी माणसाला बंदूक आणि दारूगोळा बाळगायला परवाना हवा, गोऱ्याला सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव झाले ते काही शिकारीच्या हौसेपोटी नाहीत. आणि विरोधाभास बघा. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून उभा होता. काडतुसं तयार करणारे हात आपले, पण क्लबात जाऊन ती झाडण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या इंग्लंडात काडतुसाची किंमत पेनीत मोजत होते, त्याच इंग्लंडच्या राज्यात इथे ती परवान्यात मोजली जात होती. त्यामुळे नेमबाजी उरली कुणाकडे? लष्कर, पोलीस, गोरे स्वयंसेवक आणि संस्थानिक. स्वातंत्र्यानंतरही आपलं पहिलं मोठं नाव म्हणजे बिकानेरचे महाराजा करणीसिंह. पाच ऑलिंपिक खेळले. माणूस गुणी होता यात शंका नाही, पण काडतुसांचं बिल बघून त्यांच्या घरी कुणी उसासा टाकला असेल असं वाटत नाही.

१९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे संस्थापक आणि पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. मूळ रत्नागिरीकडचं मराठी घराणं, जन्म बडोद्याचा, कर्मभूमी अहमदाबाद. त्यांच्या नावानं होणारी मावळंकर स्पर्धा नेमबाजीतल्या पोरांना पाठ असते, पण मावळंकर कोण होते हे मी ज्या दोघातिघांना विचारलं त्यांना ठाऊक नव्हतं. मामेबहिणीलाही नव्हतं. म्हणाली, "दादा, मला वाटलेलं कोणतरी नेमबाज असणार."

संस्था झाली तरी गोळीचं गणित सुटलं नाही. १८७८चा कायदा जाऊन १९५९चा आला, १९६२ साली अंमलात आला. गोरा-काळा भेद गेला पण परवाना राहिला, आणि काडतुसं किती घ्यायची, किती बाळगायची याची मर्यादाही राहिली. २०१६च्या नियमांत खेळाडूंच्या कामगिरीनुसार पायऱ्या केल्या आहेत. नामांकित नेमबाजाला जास्त सवलत, होतकरूला कमी. म्हणजे बघा, जास्त गोळ्या मिळायला चांगली कामगिरी हवी आणि चांगल्या कामगिरीला जास्त गोळ्या हव्यात. आम्हाला कॅम्पसच्या वेळी 'दोन वर्षांचा अनुभव हवा' म्हणायचे, तेच! बरं, स्पर्धेच्या दर्जाची गोळी बाहेरून येते: इंग्लंडची इली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, लापुआ. मग परवानगी, आयात, वाहतूक आणि रुपयाचा भाव, सगळं त्या २.६ ग्रॅमवर चढतं.

या कोंडीतून वाट काढली ती एअर रायफलनं. दारू नाही, काडतूस नाही, दाबलेल्या हवेनं साडेचार मिलिमीटरचा छर्रा दहा मीटरवर मारायचा. ठरावीक ताकदीपर्यंतच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. शाळेच्या हॉलमध्ये रेंज बसते. पाचशे छऱ्यांचा डबा दप्तरात मावतो. १९८४च्या लॉस एंजेलिसला हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला आणि आपल्या मध्यमवर्गाला पहिल्यांदा परवडेल असा नेमबाजीचा दरवाजा उघडला. सिडनीला २००० साली मुंबईची अंजली भागवत अंतिम फेरीत गेली, अथेन्सला २००४ साली सुमा शिरूर, दोघी दहा मीटरलाच. मग २००८ला बिंद्राचं सुवर्ण.

इथे माझ्यातला डेटावाला जागा झाला. २०२४ पर्यंत नेमबाजीत भारताला सात ऑलिंपिक पदकं मिळाली. त्यातली चार हवेची: बिंद्रा, गगन नारंग, आणि पॅरिसला मनू भाकरची दोन, त्यातलं एक सरबज्योत सिंगबरोबर. दारूवर चालणारी तीन: २००४ला राज्यवर्धन राठोड, २०१२ला विजय कुमार, २०२४ला आपला स्वप्नील कुसाळे. आता पदकाच्या वेळी या तिघांची नोकरी काय होती ते बघा. राठोड लष्करात, विजय कुमार लष्करात, स्वप्नील मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस, आणि त्याआधी २००९ पासून महाराष्ट्र सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत. तिन्हीच्या तिन्ही सरकारी पगारावरचे. हवेच्या पदकांत अशी अट दिसत नाही.

सात आकड्यांवरून सिद्धांत मांडू नये हे मलाही कळतं. आणि एक उदाहरण तो मोडायला उभंच आहे. फरीदकोटची सिफ्त कौर सामरा, डॉक्टरकी सोडून आलेली मुलगी, हिनं २०२३च्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटरला ४६९.६ गुणांचा जागतिक विक्रम केला. तेव्हा नियम नाही म्हणत. पण कल नक्की आहे. दारूची गोळी झाडायची तर मागे कुणीतरी मोठं उभं हवं: फौज, रेल्वे, राज्य सरकार, नाहीतर खिसा भरलेलं घर. कोल्हापूरनं हे आधीही पाहिलंय. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनची जगज्जेती झाली, ६०० पैकी ५९७, जागतिक विक्रमाची बरोबरी. आणि महिलांचा तो प्रकार ऑलिंपिकमध्ये कधी नव्हताच. काय बोलणार.

मामांनी दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा विचारलं, "अरे पण ती भारीतलीच गोळी कशाला पायजे? साधी घिऊ की सरावाला." रास्त प्रश्न. म्हणून मी जरा अकरावीचं फिजिक्स उगाळलं. गोळीचा वेग धरा सेकंदाला ३१५ मीटर. पन्नास मीटर जायला ०.१६ सेकंद. तेवढ्यात ती गुरुत्वाकर्षणानं साधारण साडेबारा सेंटिमीटर खाली येते. रायफलचं साइट तेवढं वर धरून लावलेलं असतं, त्यामुळे ते ठीक. पण दोन गोळ्यांच्या वेगात एक टक्का फरक पडला तर खाली येण्यात दोन टक्के पडतो, म्हणजे अडीच मिलिमीटर. पन्नास मीटरच्या टार्गेटवर दशांश गुणाची एक पायरी ०.८ मिलिमीटरची. म्हणजे मुलीनं काहीही चूक न करता तीन दशांश गेले! आणि स्वप्नीलचं पदक आलं ते ४४ गोळ्यांत ४५१.४ गुणांवर. गोळीमागे सरासरी १०.२६. तिथे तीन दशांश म्हणजे चेष्टा नाही.

महाग गोळीत सोनं नसतं, सारखेपणा असतो. काही कंपन्यांत तर महाग आणि मधली गोळी एकाच मशीनवर तयार होते. नंतर प्रत्येक लॉट तपासून, जो जास्त सारखा निघाला त्याला वरचं लेबल. प्रोसेसर बनवणारे करतात तसंच. एकाच वेफरवरच्या चिपा, पण जी जास्त वेग सोसते ती महागाच्या खोक्यात. वर प्रत्येक रायफलचे लाड वेगळे. एखाद्या रायफलला मधल्या दर्जाचा एखादा लॉट वरच्यापेक्षा मानवतो. म्हणून मोठे नेमबाज परदेशी टेस्टिंग सेंटरला रायफल घेऊन जातात, पाच-सहा लॉट मारून बघतात आणि जमलेला लॉट वर्षभराचा उचलतात. आपली मंडळी एकत्र येऊन हे करू शकली तर पैसे वाचतील, पण त्यालाही आधी घाऊक पैसे हवेतच.

आणि हे सगळं फक्त गरीब देशाचं रडगाणं आहे असं समजू नका. माझा एक सीनियर २०१३ साली डलासला ऑनसाइट होता. जिथे किराण्याबरोबर काडतुसं मिळत त्या देशात त्या वर्षी पॉइंट टू-टू दुकानातून गायब झाली होती. २०१२च्या डिसेंबरात न्यूटाउनच्या शाळेत गोळीबार झाला, कायदे कडक होतील या धास्तीनं लोकांनी साठे केले आणि सगळ्यात स्वस्त गोळीच सगळ्यात दुर्मीळ झाली. दुकानदार माणशी एक-दोन खोकी देत. तो म्हणतो, सकाळी दुकान उघडायच्या आधी म्हातारे लोक रांगेत उभे असायचे, आपल्याकडे रॉकेलला असायचे तसे.

असो. मामांचा हिशोब. मी भावाचा कॉलम मुद्दाम कोरा ठेवला, कारण भाव दर खेपेला बदलतो. आकडे फक्त गोळ्यांचे भरले. दिवसाला १००, आठवड्याला पाच दिवस, वर्षाचे ४८ आठवडे: २४ हजार गोळ्या. म्हणजे गोळी एका रुपयानं महागली की मामांचे वर्षाला २४ हजार गेले. मग कात्री लावायला बसलो. आठवड्यातले तीन दिवस बिनगोळीचा सराव, नुसता ट्रिगर दाबून. (पॉइंट टू-टूत हे साध्या पिननं केलं तर नळीचं तोंड ठेचलं जातं, त्यासाठीची सोय असलेला ट्रिगर लागतो, हे मला आधी माहीत नव्हतं.) रायफलवर सेन्सर लावून स्क्रीनवर नेमाची रेघ दाखवणारं रशियन यंत्र मिळतं, ते क्लबात आहे. स्पर्धाही लहान झाली आहे. तीन पोझिशनची पूर्वी १२० गोळ्यांची फेरी होती, आता ६०. उरलेल्या दोन दिवसांत ८० गोळ्या, त्याही मधल्या दर्जाच्या, आणि भारीतल्या फक्त स्पर्धेआधी. उत्तर आलं वर्षाला साधारण आठ हजार. एक तृतीयांश.

मी मोठ्या अभिमानानं शीट पाठवलं. संध्याकाळी मामांऐवजी तिचाच फोन.

"दादा, शीट बघितलं. पण तू सायटर धरले नाहीस."

"म्हणजे?"

"फेरी सुरू व्हायच्या आधी साइट लावायला मारायच्या गोळ्या. त्याचे गुण नसतात, पण गोळ्या तर जातातच की. आणि आमचे सर म्हणतात पहिल्या वर्षी बिनगोळीचे तीन नाही, चार दिवस."

"मग किती होतात?"

"तू काढ ना. पप्पांना सांगू नकोस अजून, मी आधी सरांना दाखवते."

व्हर्जन दोन आज रात्री पाठवतोय. सायटरसाठी वेगळी ओळ केली आहे.